पाठमोरी

अप्पांनी बोट हवेत गोल फिरवलं. वळ, म्हणून. मग त्यांचे ओठ हलले, ते मी वाचले. "पाठमोरी उभी राहा."

मी वळले.

मे महिना होता. मी अप्पांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, ओटीच्या पायऱ्यांखाली उभी होते. ओटीवर मुंबईहून आलेले पाहुणे बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात आंब्याच्या फोडींची ताटं होती. अप्पा म्हणजे रत्नागिरीजवळच्या आमच्या पावस गावाकडचे मोठे बागायतदार. मी ज्या शाळेत शिकवायचे तिच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. आणि माझे बाबा माझ्या जन्माच्या आधीपासून त्यांच्या हापूसच्या कलमांची राखण करत आले. अप्पांचा निरोप आला होता, लेकीला घेऊन ये, पाहुण्यांना दाखवायची आहे. दाखवायची. बाबांनी तो शब्द घरी जसाच्या तसा सांगितला. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगते, तेव्हा मलाही वाटलं नाही. मी ठेवणीतली साडी नेसले. केस घट्ट मागे बांधले. तसे बांधले की कानामागची चकती दिसते. ती दिसायला हवी होती.

ती चकती सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. चकतीतून एक वायर निघून कमरेच्या डबीत जायची. वॉकमनएवढी डबी. बाहेरचा आवाज तिथून चकतीत, चकतीतून कवटीच्या आत बसवलेल्या यंत्रात. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. आमच्याकडे लोक 'मशीनचा कान' म्हणत.

मागे टाळी वाजली. मला ती टाळीसारखी ऐकू आली नाही. डोक्याच्या आत कोणी पत्र्यावर ठोकल्यासारखं झालं. पण झालं. मी वळले. ओटीवर सगळे खूश. पुन्हा बोट फिरलं. पुन्हा पाठ. चमचा ताटावर आपटला. वळले. किल्ल्यांचा जुडगा. वळले. एका पाहुण्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. त्यालाही वळले. दर वेळी बाबा पाहुण्यांकडे बघून हसत होते. बाजारात गिऱ्हाईक म्हशीचे दात बघतं तेव्हा मालकाच्या तोंडावर जसं हसू असतं, तसं.

मग अप्पा बाबांना काहीतरी म्हणाले. मी पाठमोरी होते, त्यामुळे मला दिसलं नाही. नंतर आईनं सांगितलं, ती बाबांच्या शेजारीच उभी होती. ते म्हणाले होते, "गणपत, आता तू हाक मार. बापाची हाक ओळखते का बघू."

मी उभी. समोर कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा, गडग्यापलीकडे कलमं. पुढचा आवाज येईल म्हणून अंग ताठ केलेलं. काही आलं नाही. मी थांबले. फारच वेळ गेला असं वाटलं तेव्हा काही न ऐकताच वळले.

सगळे हसत होते. बाबा पायरीपाशी उभे होते. एक हात तोंडाच्या कडेला, हाक मारताना धरतात तसा. तो हात तसाच राहिला होता. अप्पांचे ओठ मला स्वच्छ दिसले.

"टाळी कळते, चमचा कळतो. बापाची हाक तेवढी कळत नाही."

पाहुणे पुन्हा हसले. ते वाईट मनानं हसले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींनी माझ्या ऑपरेशनला मदत केली होती. आपण केलेलं काम फळाला आलेलं बघून माणूस हसतो, तसे हसले. बाबाही हसले. हात खाली घेतला, लेंग्याला पुसला आणि हसले.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायचे थांबले.

आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. नुसत्या बायांत नव्हे, पुरुष धरूनही पहिली. वाडीतून पायवाटेनं खाली उतरायचं, पहाटेची एस.टी. पकडायची आणि रत्नागिरीला कॉलेजात जायचं. बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि गावातल्याच हायस्कुलात इतिहासाची शिक्षिका म्हणून लागले. आठवी ब माझा वर्ग. ज्या मुलांचे आईबाप कधी माझ्या बाबांबरोबर झाडावर चढले होते ती मुलं मला "बाई" म्हणत आणि मी आत शिरले की उठून उभी राहत. मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

त्या मे महिन्याच्या आदल्या श्रावणात ताप आला. मेंदूज्वर. शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी बसली होती आणि तिचं तोंड हलत होतं. मला वाटलं, रडून रडून आईचा आवाज बसलाय. तिला म्हटलं, आई, पाणी पी. मग माझाच आवाज मला आला नाही, तेव्हा कळलं.

बरी होऊन शाळेत गेले. मुख्याध्यापक सर चांगले गृहस्थ, पण कुणाला दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव, आणि अप्पांना तर नाहीच नाही. तोंड मोठं मोठं करून ते माझ्याशी बोलले. "वर्गावर कशी जाणार तू?" आजारपणाच्या आधी मला अहोजाहो करायचे. कान गेला आणि मी 'तू' झाले. मला ऑफिसच्या शेजारच्या खोलीत बसवलं. बाकीच्या शिक्षकांना खडू काढून द्यायचे, चाचणीचे पेपर वर्गवार बांधून ठेवायचे. खिडकीतून अंगणापलीकडे आठवी ब दिसायचा. माझ्या जागी आलेल्या मास्तरांचे ओठ बघून मला समजायचं, आज कुठला धडा चाललाय. ओठ वाचायला मी तिथेच शिकले. दुसरा काही उद्योग नव्हता.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, साध्या मशीनचा उपयोग नाही, इम्प्लांटच लागेल, आणि या तापानंतर कानाच्या आत हाड भरत जातं, म्हणून उशीर नको. हे आम्हाला झेपणारं नव्हतं. अप्पांनी मनावर घेतलं. मुंबईच्या ओळखीच्या मंडळींना सांगितलं, जमवाजमव केली. ते स्वतः आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आले. आईनं शेजारून खुर्ची आणली, पदरानं पुसली. अप्पा बसले नाहीत. उभ्यानं म्हणाले, "बरी हो आणि वर्गावर उभी राहा." हे वाक्य मी त्यांच्या ओठांवरून उचललं आणि जपून ठेवलं. ऑपरेशनला जाताना मला कान हवा होता असं लोकांना वाटायचं. मला वर्ग हवा होता.

मशीन सुरू केलं त्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी हसेन नाहीतर रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी घाबरले. शिट्ट्या, किरकिर, रिकाम्या डब्यात करवंट्या हलवल्यासारखे आवाज. आई बोलली ती आई नव्हती. बेडूक आणि टाइपरायटर यांच्या मधलं काहीतरी होतं. सगळ्यांनी विचारलं, "येतंय का ऐकू?" मी मान हलवली. होय. त्यांना तेच हवं होतं.

असा तो मे महिना. मग अप्पांचं खळं झालं.

बाबा बोलायचे थांबले म्हणजे रागावले नाहीत. ते खुणा करायला लागले. जेवायला ये, अशी हातानं खूण. दिवा लाव, अशी बोटानं खूण. आईशी बोलायचे, गुरांशी बोलायचे, माझ्यापुढे आले की मुके. मी बहिरी होते तेव्हासुद्धा ते माझ्याशी बोलायचे. मला ऐकू यायला लागलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

जूनपासून रत्नागिरीला जायला लागले. तिथल्या एका कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा कोल्हापूरहून ऑडिओलॉजिस्ट यायच्या. घोरपडे मॅडम. माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. घाटावरचं तोडून तोडून बोलणं, माझ्या ते पथ्यावर पडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय करता. म्हटलं, शिक्षिका होते. त्या म्हणाल्या, "होते कशाला? आहात की. बसा, बाई." वर्षभरात मला कोणी बाई म्हटलं नव्हतं.

तिथलं काम असं चालायचं. मॅडमच्या लॅपटॉपची वायर माझ्या डबीला जोडायची. मग त्या एकेक आवाज पाठवायच्या. टुण, टुण, टुण. आधी बारीक, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा. कानाच्या आत घातलेल्या तारेवर बारीक बारीक ठिकाणं असतात, प्रत्येकाचा आवाज निराळा. प्रत्येकाची दोन टोकं ठरवायची. पहिल्यांदा जेमतेम कळला तो आवाज कुठला, आणि याच्या वर नको असं वाटलं तो कुठला. त्यावर मशीन चालणार. ही टोकं लॅपटॉपला कळत नाहीत. मॅडमनाही कळत नाहीत. पेशंटनंच सांगायचं. टेबलावर चेहरे काढलेला पुठ्ठा असायचा. हसरा, सपाट, आणि कपाळाला आठ्या पडलेला. त्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

आठ्यांवर मी कधी बोट ठेवलं नाही.

मॅडम आवाज वाढवत गेल्या, मी सपाट चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. ठीक आहे. ठीक आहे. आषाढ गेला, श्रावण गेला. घरी आईनं भांडं खाली ठेवलं तर डोक्यात सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. माणसांचं बोलणं म्हणजे एक मोठा गोळा. शब्द सुटे होईनात. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं, मग मी चकती काढून ठेवायची. मला वाटलं, हे असंच असतं. सोसलं की सवय होते.

गणपती होऊन गेल्यावर गेले तेव्हा मॅडमनी मध्येच हात थांबवला.

"बाई, तुमचा डावा डोळा मिटतोय."

"ठीक आहे मॅडम."

"खांदे कानाला लागलेत. हात बघा तुमचे."

मी हात बघितले. खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. बोटं पांढरी पडली होती.

"दुखतंय?"

"थोडं. चालेल."

"चालेल म्हणजे? कुणाला चालेल?"

त्या थांबून राहिल्या. समोरून, माझ्याकडे बघत. शेवटी म्हटलं, "तुम्ही घाट उतरून इतक्या लांबून येता. हिच्यात काही सुधारणा नाही असं तुम्हाला वाटायला नको."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मला खूश करून तुमच्या हातात काय पडणार? मी संध्याकाळच्या गाडीनं जाणार कोल्हापूरला. डोकं तुमच्यापाशी राहणार आहे." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "तीन महिने मी चुकीच्या टोकांवर मशीन लावतेय. या खोलीत 'नको' हे उत्तर आहे. ते तुम्ही दिलं नाही तर मला दुसरीकडून कुठूनही कळत नाही. कळलं? म्हणा बघू एकदा."

"काय?"

"नको म्हणा."

मला म्हणता येईना. खरंच येईना. चाळीस पोरांच्या वर्गाला एका शब्दात गप्प बसवणारी बाई मी. पण खुर्चीवर बसलेल्या, शिकलेल्या, माझ्यावर उपकार करणाऱ्या माणसापुढे हा शब्द घशातून वर येईना. मॅडमनी आवाज सुरू केला. टुण. टुण. वाढवत गेल्या. कपाळात कळ आली.

"नको."

त्यांनी तिथल्या तिथे थांबवला.

एवढंच झालं. मी नको म्हटलं आणि समोरचं माणूस थांबलं. असं आधी आपल्या आयुष्यात कधी झालं होतं ते मी आठवून बघितलं. माझ्या किंवा माझ्या आईबापाच्या. आठवेना. मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "रडून झालं की सांगा. अजून बरीच ठिकाणं राहिलीत."

सगळी टोकं खाली आली. जग हळू झालं. त्या दिवशी 'स' आणि 'श' मला पहिल्यांदा वेगळे कळले. मग मॅडमनी एक कागद उचलला. "आता मी तोंडापुढे हा धरणार आहे. ओठ दिसणार नाहीत तुम्हाला. चालेल ना?" विचारलं त्यांनी. मी हो म्हटल्यावर धरला. कागदाआडून एकेक शब्द आला. काही आले, बरेच आले नाहीत. आला नाही की मी म्हणायची, आला नाही. त्या म्हणायच्या, बरं, पुढचा.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. पाठीमागून, गर्दीत, लाउडस्पीकरवर या मशीनमधून नीट ऐकू येणं अवघड. भल्याभल्यांना जमत नाही. माणूस समोर हवं, जवळ हवं, एका वेळी एकानं बोलायला हवं. "हे लोकांना सांगायचं, बाई. लाजायचं नाही. चष्मेवाला फळ्याजवळ बसतो की नाही?"

घरी आले. आई चुलीपुढे होती. तिच्यासमोर बसून विचारलं, "त्या दिवशी खळ्यात बाबांनी काय म्हणून हाक मारली होती?"

आईनं बराच वेळ लाकूड सारखं केलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "हाक मारली कुटं गो? तोंडातल्या तोंडात बोलले. मी हाताच्या अंतरावर होते, मलाच नाय आयकू आला."

"का पण?"

"का म्हंजे? अप्पांच्या खळ्यात आवाज चढवून कोन बोलनार? त्यांनी जन्मात नाय चढवला."

मी तिथेच बसून राहिले. सबंध पावसाळा मी समजत होते की माझा कान चुकला. बापाची हाक ओळखू शकला नाही असला कान. बाबाही तेच समजत होते. चूक कानाची नव्हतीच. त्या खळ्यात आवाजच निघाला नव्हता. बागेत, पल्याडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक मारणारे माझे बाबा. त्यांचा घसा ओटीसमोर उभं राहिलं की आपोआप बंद व्हायचा, आणि त्या बंद घशावर लोक हसले होते. आणि मी? मी आठ्यांवर बोट ठेवत नव्हते. तोच घसा मला मिळाला होता. पदवी घेऊनसुद्धा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत बसून आंबे काढायच्या झेल्याची काठी तासत होते. मी समोर पाट घेऊन बसले.

"बाबा, बोला माझ्याशी."

त्यांनी हातानं खूण केली, नाही म्हणून.

"खुणा नकोत. तोंडानं बोला. मला येतंय आता."

"काय बोलू?" ओठ हलले, आणि त्याच्या मागून एक बारीक खरखर आली.

"काय पण. बागेचं सांगा."

ते बोलायला लागले. खाली काठीकडे बघत. मी म्हटलं, वर बघा. वर बघून बोलले. पालवी उशिरा आलीय, तुडतुड्याची कीड पडणार यंदा, फवारणी लौकर घ्यायला हवी. बरंचसं कळलं. थोडं ओठांवरून, थोडं कानानं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "माझा आवाज माझ्यासारखा वाटतो काय गो?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मॅडमना नको म्हणताना गेलं नाही तेवढं मला तेव्हा जड गेलं.

"नाही बाबा. अजून नाही."

"मग कोनासारखा?"

"कोणासारखाच नाही. डब्यातून आल्यासारखा."

त्यांनी काठीची एक ढलपी उडवली. मग म्हणाले, "बरा. डब्यातला बापूस." आणि हसले, आणि पुन्हा तुडतुड्यावर बोलायला लागले. त्या दिवसापासून बोलायला लागले खरे. पण त्यांचा जुना आवाज, तंबाखूनं जाड झालेला, शब्दाच्या शेवटी जरा लांबणारा, तो मला परत मिळालेला नाही. तो कुठे भरून ठेवलेला नाही. फक्त माझ्या आठवणीत होता, आणि रोज मशीनचा आवाज ऐकून ऐकून तीही पुसट होत चाललीय. याला इलाज नाही. मॅडमनी तसं स्पष्टच सांगितलं.

थंडीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुख्याध्यापक सरांनी बोलावलं. मुंबईची मंडळी पाहुणे म्हणून येणार होती. "अप्पा तुला पाच मिनिटं स्टेजवर घेणार आहेत. तू पाठमोरी उभी राहायचं. ते टाळी वाजवतील, नाव घेतील, तू वळायचं. तेवढं झालं की जूनपासून आठवी ब तुला द्यायचा, असा शब्द दिलाय त्यांनी."

मी म्हटलं, "सर, वर्गात येऊन बघा ना. मी तास घेते, तुम्ही मागे बसा. अप्पांनाही बोलवा."

"आता ठरलंय ते," सर म्हणाले.

बाबांना कळलं होतंच. म्हणाले, "बाय, अप्पा सांगतील तसा कर. पाच मिन्टांचा काम."

मांडवात सगळा गाव. बाहेर जनरेटर धडधडत होता, स्पीकर कर्कश. माझ्या डोक्यात नुसता गोंगाट. एक शब्द सुटा होईना. मला स्टेजवर बोलावलं ते कोणी तरी कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं. वर गेले. खुर्च्यांवर तीच मंडळी. अप्पा माइकवर बोलत होते, ओठ माइकआड. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट हवेत गोल फिरवलं.

खाली पुढच्या रांगेत सातवीची मुलं बसली होती, जूनमध्ये आठवी बला येणारी. माझ्या वेळची मुलं पुढे निघून गेली होती, ही नवी. यांनी मला फक्त खडूच्या खोलीत बघितलं होतं. जूनमध्ये मी यांच्यापुढे उभी राहणार होते. आणि आज ती मला वळताना बघणार होती.

मी वळले नाही.

अप्पांना वाटलं, कळलं नाही. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मी जवळ गेले आणि माइकसाठी हात पुढे केला. आभार मानायचे असतील असं समजून त्यांनी दिला. माझा आवाज किती मोठा येतोय ते मला समजत नव्हतं. बोलले.

"मला पाठीमागून नीट ऐकू येत नाही. गर्दीत येत नाही. समोर बसून एकेकानं बोललं तर येतं. वर्गात शिकवायला तेवढं पुरतं. कोणाला बघायचं असेल त्यानं माझ्या तासाला येऊन बसावं. मी इथे पाठमोरी उभी राहणार नाही."

अप्पा माझ्यासमोर आले. आता माइक माझ्याकडे होता, त्यांचे ओठ उघडे दिसत होते. "हा कान कोणी दिला तुला?"

"मदत तुम्ही केलीत. ती मी विसरणार नाही. पण पाठ माझी आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं अशा वेळी टाळ्या पडतात. मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. शिक्षक खाली बघत होते. पाहुण्यांतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "माजलीय." ते मला अगदी स्वच्छ वाचता आलं. मी माइक टेबलावर ठेवला आणि उतरले. मांडवाच्या कडेला बाबा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हंगाम तोंडावर आला तेव्हा अप्पांनी बाबांना निरोप दिला, यंदा राखणीला दुसरा माणूस ठेवलाय. बाबा आता दुसऱ्याच्या बागेत रोजावर जातात. ज्या कलमांना त्यांनी पोरांसारखं पाणी घातलं त्यांच्याजवळून रोज पुढे जातात. मला काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तुझा बरोबर आसंल. माझा वय नाय आता बरोबर वागायचा." पुढे बरेच दिवस गप्प. आधी माझ्या कानामुळे गप्प होते, आता माझ्या तोंडामुळे. हे दुःख मी कोणावर ढकलत नाही. मी बोलले त्याची ही किंमत आहे आणि ती बाबा देतायत. तरी ते वाक्य मी परत घेणार नाही.

जूनमध्ये वर्ग मिळाला नाही. त्याच्या पुढच्या जूनमध्येही नाही. मी कायम झालेली शिक्षिका, मला काढता येत नाही, म्हणून राजीनामा दे असं आडून आडून सुचवून झालं. दिला नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले, तिथे बाकावर बसवलं, बघू म्हणाले. घोरपडे मॅडमकडे अजून जाते. आता कागदाआडूनही बरेच शब्द येतात.

आठवड्यातून एकदा, सोमवारी, शाळा भरली की मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाते आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहते. विचारते, "सर, माझा वर्ग कधी देताय?" सर खाली कागदात बघून पुटपुटतात. मला ओठ दिसू नयेत अशी त्यांनी सवय लावून घेतलीय. मी म्हणते, "मान वर करून सांगा सर, मला कळलं नाही." मी तिथून हलत नाही. बाहेर शिपाई ताटकळतो, पालक ताटकळतात. शेवटी त्यांना मान वर करावीच लागते. माझ्या तोंडाकडे बघून म्हणावं लागतं, "नाही."

तो वर्ग मला कोणी दान दिला नव्हता. मी शिकले होते, म्हणून तो मिळाला होता. दानात मिळालेला असता तर काढून घेतल्यावर मी गप्प बसले असते.

सर नाही म्हणतात. मी म्हणते, "ऐकलं. मला मान्य नाही."

येत्या सोमवारीही म्हणणार आहे.